डावा अंगठा

भांडुपपासून घाटकोपरपर्यंत गुणाजी परबला नावानं ओळखणारी माणसं फार तर शे-दोनशे असतील. कुत्री मात्र झाडून सगळी ओळखत. ओळखत म्हणजे शेपटी हलवत, असं नव्हे. गुणाजी गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आधी त्याची वर्दी दुसऱ्या टोकाला गेलेली असे. आधी पानवाल्याच्या बाकड्याखालचं भुंके, मग रिक्षा स्टँडवरचं, मग नाल्यापलीकडचं, आणि दोन मिनिटांत सगळी गल्ली मोकळी. मोबाइलवाल्यांनी लाज धरावी असं ते नेटवर्क. बावीस वर्षं झाली, तरी गुणाजीला त्याचं नवल वाटायचं थांबलं नव्हतं.

कारण सरळ होतं. गुणाजी कुत्र्यांच्या गाडीवर होता. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची ती गाडी. भटकी कुत्री जाळीत धरायची, विक्रोळीच्या केंद्रावर न्यायची, तिथं डॉक्टरांनी नसबंदीचं ऑपरेशन करायचं, रेबीजची लस टोचायची, ओळखीसाठी कानाचं टोक जरासं कापायचं, आणि चार-पाच दिवसांनी जिथून उचललं तिथंच नेऊन सोडायचं. अगदी त्याच खांबापाशी. हे शेवटचं फार महत्त्वाचं. कुत्र्याला दुसऱ्या गल्लीत सोडणं म्हणजे त्याला फाडून खायला देणं. गुणाजीनं बावीस वर्षांत एकही कुत्रं चुकीच्या जागी सोडलं नव्हतं. पण कुत्र्यांना त्याचं काय? त्यांच्या लेखी तो जाळीवाला.

भाच्याच्या लग्नाला वाकोल्याला गेला, तर हॉलबाहेरच्या कुत्र्यांनी असा गिल्ला केला की बँडवाले वाजवायचे थांबले. तेव्हापासून बायको रुक्मिणी त्याला लग्नाकार्याला मागच्या दारानं नेई. "साबण बदला म्हटलां तरी आयकत नाय," ती चारचौघांत सांगे. साबण तीनदा बदलून झाला होता. वास साबणानं जाण्यातला नव्हता.

गुणाजीचा एक नेम होता. कुत्री पकडली, म्हणजे मादी पकडली, की गाडीत टाकायच्या आधी तिला उताणी करायची आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं आचळ दाबून बघायचं. दुधाचा थेंब आला, तर जाळी तिथंच सोडायची, मग वरून कोणी साहेब का फोन करेना. पाजणाऱ्या आईला उचललं तर मागं तिची पिल्लं कुठंतरी बोळकंडीत उपाशी मरतात. नवीन पोरांना तो हे पहिल्या दिवशी शिकवी. अंगठा लावल्याशिवाय गाडीचं दार उघडायचं नाही.

त्या मंगळवारी गुणाजीच्या उजव्या अंगठ्याला दोन टाके होते. आदल्या शनिवारी एका जाडजूड बोक्यासारख्या कुत्र्यानं तो फोडला होता. वर हे एवढं बँडेज. सकाळी सात वाजता घाटकोपरच्या मासळी बाजारामागं गाडी लावली आणि नेहमीप्रमाणे सगळी कुत्री पसार झाली. एक सोडून. तांबड्या रंगाची, दोनेक वर्षांची, दाट केसांची एक मादी सरळ गाडीकडे चालत आली. गुणाजीनं बिस्किट टाकलं, तिनं खाल्लं. दुसरं टाकलं, तेही खाल्लं आणि आणखी जवळ आली.

"काका, ही तर स्वतःहून पत्ता विचारत आली," ड्रायव्हर निलेश हसला.

गुणाजीही हसला. इथंच तो चुकला. गाडीला न घाबरता खाण्याकडे येणारी मादी म्हणजे पोटात आग पडलेली मादी, आणि एवढी आग पाजणाऱ्या आईच्याच पोटात असते, हे त्यानंच आजवर दहा पोरांना शिकवलं होतं. त्यानं तिला उताणी केली, सवय नसलेल्या डाव्या अंगठ्यानं दाट केसांवरून दाबून बघितलं. कोरडं लागलं. टाकली गाडीत. गळ्यात एकेचाळीस नंबरचा पट्टा.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मनालीनं ऑपरेशनच्या खोलीतून हाक मारली. "गुणाकाका, जरा आत या."

मनाली कांबळे तिशीची, कामाला वाघ, आणि रागावली तर केंद्रातल्या भिंतीही ऐकायच्या. पण आज आवाज चढलेला नव्हता. टेबलावर तांबडी मादी भुलीच्या इंजेक्शनानं झोपली होती. पोटावरचे केस काढले होते. इतका वेळ केसांत लपलेली आचळं आता उघडी पडली होती, टम्म. मनालीच्या हातमोज्याच्या बोटावर पांढरा थेंब होता.

"अंगठा लावला होता ना?"

"लावला होता," गुणाजी म्हणाला. मग त्याची नजर आपल्याच बँडेजवर गेली. "डावा."

मनालीनं हातमोजा काढून बादलीत टाकला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तीन आठवड्यांची असतील पिल्लं," ती शेवटी म्हणाली. "सव्वीस तास झाले ना पकडून? ही शुद्धीवर असती तर हिलाच सोडलं असतं, तिनंच नेलं असतं आपल्याला. पण आता ही संध्याकाळपर्यंत धड उभी राहणार नाही. तोवर..."

"मी आणतो," गुणाजी म्हणाला.

"कुठून? माहीत आहे का कुठे आहेत?"

"आणतो म्हटलं ना."

म्हणाला खरा. पण मासळी बाजारामागं उभा राहिल्यावर कुठून सुरुवात करावी, त्याला कळेना. घाटकोपर म्हणजे काय दोन गल्ल्यांचा गाव आहे? गटारं, गोडाऊन, पडक्या चाळी, मेट्रोचे खांब, पार्किंगमधल्या सडलेल्या गाड्या. तीन-चार मुठीएवढे जीव यातल्या कुठल्याही अंधारात असू शकत होते. आणि ते जीव गुणाजीच्या डाव्या अंगठ्यावर टांगलेले होते. बावीस वर्षं जो छाती काढून मिरवला, तो नेम एका बँडेजपायी मोडला होता. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

एका कोळणीनं पाटीवरून डोकं वर करून सांगितलं, "तांबडी ना? ती पंतनगरच्या बाजूनं येते रे. रोज देणं वसूल करायला आल्यासारखी येते, मुंडकी खाते नि जाते."

पंतनगरात कुत्र्यांचं काही विचारायचं तर एकच बाई. कमलताई गायकवाड. महापालिकेच्या शाळेत शिपाई होत्या, रिटायर होऊन चार वर्षं झाली. त्यांची जुनी बिल्डिंग पाडून नवी बांधायची म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं होतं, तर यांनी त्याच बिल्डिंगच्या समोर तळमजल्यावर भाड्यानं खोली घेतली. का, तर रोज दोन वेळा कुत्र्यांना भात आणि कोंबडीच्या पायांचं कालवण घालायचं असतं. लांब गेलं तर ते कोण घालणार?

"आलात?" दारात गुणाजीला बघून त्या म्हणाल्या. "आता कोणाला उचलायला आलात?"

"उचलून झालंय, ताई. चुकून." आणि गुणाजीनं काही न लपवता सगळं सांगितलं.

कमलताईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. दोन शिव्या ओठांवर आलेल्या दिसत होत्या, पण त्या गिळून त्या म्हणाल्या, "तांबू ती. ती व्यालीय हे मलाही कळलं नाही हो. कुठे ठेवलीत पिल्लं, देव जाणे. फार लपवी आहे ती." मग एकदम थांबल्या. "पण एक सांगते. कालपासून आक्का चमत्कारिक वागतेय."

"कोण आक्का?"

"आमच्या गल्लीतली म्हातारी. एरवी दोन घास खाऊन तोंड फिरवायची, दात कुठे राहिलेत तिला? काल संध्याकाळी आली, आधाशासारखी खाऊन गेली. पुन्हा आली, पुन्हा खाऊन गेली. मी म्हटलं, म्हातारपणी भस्म्या झाला की काय हिला. आणि पोट बघाल तर खपाटीला ते खपाटीलाच."

खाल्लेलं जातंय कुठे, हे गुणाजीच्या लक्षात येऊ लागलं. असं काही असू शकतं, हे त्यानं कधीतरी कुणाकडून ऐकलं होतं. पाहिलं नव्हतं.

"ती आता येईल?"

"तुम्ही इथं उभे असाल तर तिची सावलीसुद्धा यायची नाही. आत चला. आणि ती गाडी हलवायला सांगा आधी."

निलेशनं गाडी पार हायवेपर्यंत नेली. गुणाजी कमलताईंच्या खोलीत खिडकीच्या पडद्याआड बसला. कमलताईंनी पातेलं घेऊन फुटपाथवर वर्तमानपत्रं पसरली. कुत्री आली. आणि सगळ्यांच्या शेवटी, मागचे पाय जरा ओढत, एक काळपट, तोंड पांढरं झालेली म्हातारी आली. तिच्या शेपटीला मधोमध गाठ होती.

ती गाठ बघितली आणि गुणाजीचा हात आपोआप डाव्या मनगटाकडे गेला. तिथं चार दातांचे व्रण होते, अकरा वर्षं जुने. त्या वेळी ही आठ महिन्यांची होती. समोरच्याच बिल्डिंगच्या पंपाच्या खोलीत त्यानं तिला कोपऱ्यात धरलं, तेव्हा जाळीतून मान काढून तिनं हा घास घेतला होता. तिला पिल्लं कधी झालीच नाहीत, होणार नव्हती. त्याचीच व्यवस्था करायला तर गुणाजीनं तिला नेलं होतं. परत आणून सोडल्यावर पुढची अकरा वर्षं ती गाडीचा आवाज आला की जी गायब होई, ती संध्याकाळपर्यंत दिसत नसे.

आक्का खात होती. चावत नव्हती, नुसती गिळत होती. भरभर, कुणीतरी वाट बघतंय अशा घाईनं. खाऊन झालं तशी वळली आणि दुडक्या चालीनं निघाली.

"जा," कमलताई पडद्याशी येऊन कुजबुजल्या. "आणि हे पातेलं घ्या हातात. तेवढाच तुमचा वास लपेल."

चपला दाराशी काढून, हातात कालवणाचं रिकामं पातेलं घेऊन छप्पन्न वर्षांचा गुणाजी परब म्हातारीच्या मागं निघाला. लोक बघत होते, बघू देत. ती रस्ता ओलांडून जुन्या बिल्डिंगभोवती ठोकलेल्या निळ्या पत्र्यांपाशी गेली. पत्र्याखाली वीतभर फट होती. आत शिरायच्या आधी ती थांबली आणि मान वळवून तिनं मागं पाहिलं.

पातेल्यानं कसली डोंबलाची फसतेय. तिला कळलं होतं. पाठीवरचे केस उभे राहिले. गुणाजी जागच्या जागी थिजला. आता ही पळणार, भलतीकडे जाणार, आणि सगळं संपणार. पण ती पळाली नाही. क्षणभर तिनं त्याच्याकडे बघितलं आणि फटीतून आत गेली. आत जे होतं ते या माणसाच्या भीतीपेक्षा मोठं होतं, एवढाच त्याचा अर्थ. गुणाजीला तो तिथंच कळला.

वॉचमनला दोन शब्दांत सांगून तो दारानं आत गेला. रिकाम्या बिल्डिंगची दारं-खिडक्या काढून नेली होती. मागच्या अंगाला पंपाची खोली होती, तीच, अकरा वर्षांपूर्वीची. पंप काढून नेलेला, दार नाही, कोपऱ्यात कुणीतरी टाकून गेलेली गादी. गादीच्या फाटक्या पोटात, कापसात, तीन पिल्लं होती. दोन तांबडी आणि एक काळं-पांढरं.

आक्का त्यांच्यासमोर उभी राहिली. तिनं मान खाली घातली, पोट दोनदा-तीनदा आत-बाहेर ओढलं, आणि सगळं खाल्लेलं त्यांच्यापुढं ओकली. मऊ, कोमट भात. पिल्लं धडपडत आली, एकमेकांच्या अंगावर पडत, त्यात तोंडं बुडवून लपालपा खाऊ लागली. ती उभी राहून बघत होती. तिनं स्वतः एक शीतही उचललं नाही. काळ्या-पांढऱ्याला जमत नव्हतं, तर नाकानं त्याला पुढं ढकललं. त्यांचं झाल्यावर तिनं तिघांची तोंडं चाटली, आडवी झाली, आणि पिल्लं तिच्या सुकलेल्या, कधीच दूध न आलेल्या आचळांना लुचत झोपून गेली.

गुणाजी दाराच्या चौकटीत मटकन खाली बसला. इतकी वर्षं कुत्र्यांत काढली, त्यांची खोड न खोड आपल्याला ठाऊक आहे असा त्याचा दिमाख होता. आणि हे काय होतं? कुणी शिकवलं होतं हिला? जिच्या पोटी कधी पोर आलं नाही तिच्या पोटाला हे कसं कळलं? काशीला जाऊन आलेल्या माणसालाही वाटणार नाही असं त्याला त्या घाणेरड्या पंपाच्या खोलीत वाटलं. डोक्यावर काहीतरी असायला हवं म्हणून त्यानं खिशातला रुमाल काढून डोक्यावर टाकला. मग रडला. मोठ्यानं नव्हे, पण चांगला रडला.

"आक्का," तो म्हणाला, "माझ्या हातून चूक झाली. यांची आई मीच नेली. तुलाही मीच नेलेलं. आता यांना आईकडं न्यायचंय. चाव हवं तर."

आणि त्यानं डावा हात पुढं केला. आक्का उठली. गुरगुरली नाही, भुंकली नाही, फक्त पिल्लांच्या आणि त्याच्या मधे येऊन उभी राहिली. मग तिनं त्याचं मनगट तोंडात धरलं, बरोबर जुन्या व्रणांच्या जागी. उरलेसुरले दात कातडीला लागले. गुणाजीनं हात हलवला नाही. किती वेळ गेला, कुणास ठाऊक. मग तिनं मनगट सोडलं आणि बाजूला झाली.

पिल्लं पातेल्यातच मावली. खाली त्यानं डोक्यावरचा रुमाल अंथरला. तो चालू लागला तशी तीही निघाली, पातेल्याला नाक लावून.

निलेशनं गाडी पत्र्यांपाशी आणली आणि गल्लीनं आपलं काम केलं. एक भुंकलं, दुसरं भुंकलं, फुटपाथ रिकामा. कमलताई दारात हात जोडून उभ्या. गुणाजीनं पातेलं गाडीत, मागच्या पिंजऱ्यात ठेवलं. आता ही परत जाईल, असं त्याला वाटलं. इथवर आली हेच खूप.

आक्का गाडीपासून चार हातांवर उभी होती. ती लटलट कापत होती. भीतीनं तिची लघवी सुटली, पायांवरून ओघळली. अकरा वर्षं ज्या दारापासून ती जीव घेऊन पळत आली, ते दार समोर उघडं होतं, आतून त्याच जुन्या भीतीचा वास येत होता, आणि त्या वासातून पातेल्यातलं पिल्लू कुंई करत होतं. तिनं एक पाऊल टाकलं. मग दुसरं. पुढचे दोन्ही पाय गाडीच्या काठावर ठेवले आणि उडी मारली. मागच्या पायांत ताकद नव्हती, ती खाली पडली.

निलेश पुढं धावला. "काका, उचलू का?"

"हात लावू नको," गुणाजी म्हणाला. "थांब जरा."

तिनं पुन्हा पुढचे पाय ठेवले. नखं पत्र्यावर खरखरली. एक मागचा पाय वर आला, घसरला, पुन्हा आला. आणि ती चढली. पिंजऱ्यात गेली, पातेल्याभोवती अंगाचं वेटोळं करून बसली, अजून कापतच.

बावीस वर्षांत त्या गाडीत हजारो कुत्री चढली असतील. जाळीतून, दोरीतून, मान धरून, ओढून, फसवून. आपल्या पायांनी चढलेली ही पहिली. निलेशसारखा वाचाळ माणूस, पण त्यानं खिडकीतून बाहेर बघत नुसती टोपी काढली. गुणाजी पुढं बसला नाही. मागं, पिंजऱ्यालगत, पत्र्यावर मांडी घालून विक्रोळीपर्यंत गेला.

केंद्रावर तांबू नुकती डोळे उघडत होती. पिल्लं जवळ ठेवताच तिच्या अंगात कुठून बळ आलं देव जाणे. ती मान टाकून पडल्या पडल्याच त्यांना चाटू लागली. दूध पाजणं उद्यापासून, आज औषध अंगात आहे, असं मनालीनं बजावलं आणि पिल्लांना बाटलीनं पाजलं. आक्का पिंजऱ्याच्या दाराशी आडवी झाली.

"भात खाऊ घातला हिनं त्यांना? ओकून?" मनालीनं पुन्हा विचारलं. "काका, लांडग्यांत मावश्या असं करतात म्हणून शिकलेय. कुत्र्याची आई करते कधीकधी. पण हिची नसबंदी झालेली, हिला कधी पिल्लूच नाही..." मग ती आक्कासमोर उकिडवी बसली आणि बराच वेळ तिच्या कापलेल्या कानाकडे बघत राहिली.

पाच आठवडे आक्का तिथंच राहिली. पिल्लं मोठी झाली, दांडगट झाली. एका रविवारी संस्थेनं दत्तक द्यायचा मेळावा भरवला. एक तांबडं अंधेरीच्या नव्या जोडप्याकडे गेलं, दुसरं बोरिवलीच्या निधी नावाच्या चष्मेवाल्या मुलीनं कडेवरून खाली ठेवायलाच नकार दिला. काळं-पांढरं मुलुंडच्या एका रिटायर मास्तरांनी नेलं. प्रत्येक पिल्लू निघताना आक्का त्याचं तोंड हुंगे आणि नेणाऱ्या माणसाचे हात हुंगे. बोरिवलीच्या मुलीचे हात तिनं दोनदा हुंगले. तांबूचं ऑपरेशन झालं, गुणाजीनं तिला मासळी बाजारामागं, त्याच जागी सोडलं.

राहिली आक्का. नियम तोच, जिथून उचललं तिथंच. सोमवारी सकाळी निलेशनं पंतनगरात गाडी लावली, दार उघडलं. समोर निळे पत्रे होते आणि पत्र्यांमागं काहीच नव्हतं. बिल्डिंग गेली होती, पंपाची खोली गेली होती. खोल खड्ड्यात पाणी साचलं होतं. कमलताईंच्या खोलीला कुलूप होतं. त्या महिन्याभरासाठी गावी, बीडकडे, आजारी भावाकडे गेल्याचं शेजारणीनं सांगितलं.

आक्कानं दारातून बाहेर बघितलं. हुंगलं. मग मागं सरकली आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, पातेलं असायचं त्या जागी, जाऊन बसली.

"काका, कुठे सोडायची मग?" निलेशनं विचारलं.

बावीस वर्षांत गुणाजीनं एकही कुत्रं घरी नेलं नव्हतं. एकाला नेलं तर हजारांना काय सांगणार, असं तो म्हणे. "भांडुपला घे," तो म्हणाला. "टेंभीपाड्याला. माझ्या बिल्डिंगखाली."

सातव्या मजल्यावर रुक्मिणीनं दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवले.

"ह्यां काय हाडलात?"

"हाडूक नाय. ती आपणच इली." आणली नव्हती, आपणहून आली होती, हे खोटं नव्हतं.

रुक्मिणीची नजर गाठ पडलेल्या शेपटीवर गेली, तिथून नवऱ्याच्या मनगटावर. तो घाव तिनंच हळद भरून बांधला होता आणि त्या कुत्रीच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. पाच आठवडे रोज रात्री ती आक्काची गोष्ट ऐकत होती, पण ती हीच, हे नवऱ्यानं सांगितलं नव्हतं.

"तीच काय ओ ही? तुमका चावलेली?"

"तीच."

रुक्मिणीनं कमरेवरचे हात काढले. आक्का उंबऱ्याबाहेर उभी होती.

"जेवली काय ती?" रुक्मिणीनं विचारलं, आणि बांगड्याचे काटे काढायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे गुणाजी आक्काला घेऊन खाली उतरला. गेटबाहेर पाऊल टाकतो न टाकतो तोच गाडी बरोबर नसताना होणारा नेहमीचा गोंधळ सुरू झाला. कॉलनीतली सहा-सात कुत्री, बावीस वर्षांचं वैर घेऊन, भुंकत धावत आली. गुणाजीनं सवयीनं भिंतीला पाठ लावली. आज तर परकं कुत्रंही बरोबर होतं. आता ही म्हातारीला फाडतात, असं वाटून तो तिला उचलायला वाकला.

पण ती त्याच्या हाताशी नव्हती. मागचे पाय ओढत ती दोन पावलं पुढं गेली होती. गुरगुरली नाही, भुंकली नाही. फक्त त्या कुत्र्यांच्या आणि गुणाजीच्या मधे जाऊन उभी राहिली. ते उभं राहणं गुणाजीनं पाहिलेलं होतं, पंपाच्या खोलीत, तीन पिल्लांसमोर.

कुत्री थांबली. एकानं पुढं येऊन तिला हुंगलं, मग तिला वळसा घालून गुणाजीच्या पायांना हुंगलं. बाकीचीही आली. गल्ली एवढी शांत झाली की वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी खिडकी उघडून खाली पाहिलं. गुणाजी भिंतीला टेकून उभा होता, डावा हात कुत्र्यांपुढं मोकळा सोडून, आणि त्याला हलवत नव्हतं.

आक्कानं मान वळवून एकदा त्याच्याकडे पाहिलं, तो येतोय ना याची खात्री केली, आणि पुढं चालू लागली.